सुरीच्या आधी आणि सुरीच्या नंतर

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापून आला. रुग्णाचं नाव कावसजी. इंग्रज फौजेत बैल हाकणारा हा मराठा १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. या कारागिराचं नाव वृत्तान्तात नाही. त्याने काय केलं ते मात्र बारकाईने नोंदवलेलं आहे.

नाकाच्या उरलेल्या भागावर त्याने मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला नाकाचा आकार दिला. तो सपाट करून कपाळावर ठेवला, कडेने रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवून घेतली. दोन भुवयांच्या मधला एक चिंचोळा पट्टा त्याने मुद्दाम कापला नाही, कारण नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळणार होतं. मग ती कातडी वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली.

गोष्ट सहसा इथेच थांबवली जाते. वृत्तान्त पुढे चालू राहतो. कारागिराने टाके घातले नाहीत. पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या त्याने एकावर एक चिकटवल्या आणि चार दिवस त्यांना हात लावला नाही. नंतर त्या काढून तुपात भिजवलेली कापडं ठेवली. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाला उताणं झोपवून ठेवलं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवं नाक आपल्या जागी रुजल्यावर, भुवयांमधला पट्टा कापला. आजच्या वॉर्डात हेच सारं केस पेपरवर ड्रेसिंग, पोझिशन, पॅकिंग अशा शब्दांत आणि शस्त्रक्रियेनंतरचा कितवा दिवस त्या आकड्यासह लिहिलं जातं. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी ही पद्धत आधी मृतदेहांवर करून पाहिली, १८१४ मध्ये जिवंत रुग्णावर केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी तिथून पुढे सरकली.

कापण्याचं काम थोड्या वेळाचं असतं. त्याच्या आधीची मापं आणि नंतरचे पंचवीस दिवस नीट सांभाळले नसते तर कावसजीचं नाक टिकलं नसतं. हे पुस्तक त्या आधीबद्दल आणि त्या नंतरबद्दल आहे. भूलतज्ज्ञ, स्क्रब सिस्टर, थिएटर टेक्निशियन, निर्जंतुकीकरण विभागातले कर्मचारी, वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदर, फिजिओथेरपिस्ट, आणि महाराष्ट्रातल्या इस्पितळांत ज्यांना ‘मामा’ आणि ‘मावशी’ म्हणून हाक मारतात ते सगळे त्यात येतात. बारावीनंतर यांतल्या एखाद्या वाटेकडे पाहणारी, बहुतेक वेळा मराठी माध्यमातून आलेली मुलं-मुली या पुस्तकाचे पहिले वाचक आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यावर शे-दोनशे परके शब्द आदळतात आणि हुशार मूलही गप्प होतं. शस्त्रक्रियेच्या कामात गप्प होणारा माणूस ही मोठी जोखीम असते, म्हणून शब्दांची ओळख इथे इतक्या आवर्जून करून दिली आहे.

पुण्याच्या त्या कारागिराकडे दोन गोष्टी नव्हत्या: भूल आणि जंतूंचं ज्ञान. दोन्ही पुढच्या शंभर वर्षांत आल्या आणि येताना नवे व्यवसाय घेऊन आल्या.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन यांनी एका तरुणाला ईथर हुंगवलं आणि सर्जन जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. जगभर तोच दिवस आता भूलशास्त्र दिन म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी एडिंबरोत जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणलं. पण क्लोरोफॉर्म देताना माणसं दगावत. आधी श्वास थांबतो की आधी हृदय, यावर वैद्यकविश्वात कडाक्याचा वाद होता, आणि त्याचा एक मोठा अंक हैदराबादेत रंगला. निजामाच्या पैशाने, एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये तिथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची काळजी नको, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हृदयही अचानक थांबू शकतं हे पुढे सिद्ध झालं आणि तो निष्कर्ष मागे पडला. त्याच हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी तिथल्या इस्पितळांत क्लोरोफॉर्म देण्याचं काम करत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. स्त्रियांना वैद्यकशाळेचा दरवाजा जेमतेम किलकिला झाला होता त्या काळात एक पारशी तरुणी रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजत होती, हे आपल्या शाळांतल्या मुलींना ठाऊक असायला हवं.

जंतूंची बाजू ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर यांनी सावरली. ऑगस्ट १८६५ मध्ये त्यांच्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं आणि हाड मोडून जखम उघडी पडली होती. असा पाय तेव्हा बहुधा कापावाच लागे, नाहीतर जखम सडून जीव जाई. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी ठेवली. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळलं आणि पाय वाचला.

रबरी हातमोज्यांचा जन्म तर एका परिचारिकेच्या हातांमुळे झाला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात कॅरोलाइन हॅम्प्टन या थिएटर नर्सच्या हातांची कातडी जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघायची. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ मोजे करून घेतले. हेतू नर्सचे हात वाचवण्याचा होता. सगळ्यांनीच मोजे घातले तर रुग्णांच्या जखमा कमी पिकतात, हे काही वर्षांनी आकड्यांतून दिसलं. शस्त्रक्रियेच्या इतिहासात सर्जनांची नावं ठळक छापली जातात. नर्सच्या हातांना झालेल्या त्रासातून काय मिळालं, त्याचीही तितकीच ठळक नोंद व्हावी.

आता आजच्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात येऊ. पित्ताशयात खडे झालेल्या एका बाईंची ‘दुर्बिणीतून’ शस्त्रक्रिया ठरली आहे. ही पद्धत भारतात रुजवण्याचं श्रेय मुंबईच्या डॉ. तेहेमटन उडवाडिया यांना जातं. त्यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात तशी शस्त्रक्रिया केली, तेव्हा ही गोष्ट युरोपातही नवी होती. आज ती तालुक्याच्या गावीही होते.

बाई टेबलावर जाण्याआधी भूलतज्ज्ञ त्यांना तपासतात. या तपासणीला कुणी ‘पीएसी’ म्हणतं, कुणी नुसतं ‘फिटनेस’. दमा, रक्तदाब, साखर, चालू गोळ्या, आधीचं ऑपरेशन, सैल दात अशी सगळी चौकशी होते. मग तोंड उघडून जीभ बाहेर काढायला सांगतात. घशात मागे किती दिसतं त्यावरून श्वासनळीत नळी घालणं सोपं जाईल की अवघड, याचा अंदाज येतो. चार पायऱ्यांच्या या मापाला मूळचे भारतीय असलेल्या शेषगिरी मल्लमपट्टी यांचं नाव आहे. त्यांनी ते १९८५ मध्ये बॉस्टनमधून मांडलं तेव्हा पायऱ्या तीन होत्या, चौथी नंतर जोडली गेली.

रात्री केस पेपरवर ‘एनबीएम’ अशी तीन अक्षरं येतात: तोंडाने काही द्यायचं नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं सहा तास आधी थांबवावं लागतं, तेलकट-तुपकट आठ तास. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यात मोडतो. पहाटे नातेवाईक प्रेमाने अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं देतात आणि सांगत नाहीत. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची नैसर्गिक राखण सुटते, पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. म्हणून सकाळच्या पाळीची सिस्टर ‘काही खाल्लं का?’ एवढंच विचारून थांबत नाही. ‘चहा कधी घेतला?’ असं विचारते. या एका प्रश्नाने पुढे ढकललेली शस्त्रक्रिया कुणाला दिसत नाही. वाचलेला जीवही दिसत नाही.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या उतरवून नातेवाइकांकडे दिल्या जातात, कारण रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाने, म्हणजे कॉटरीने, धातूपाशी चटका बसण्याची भीती असते. नेलपॉलिश पुसतात. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर त्यामुळे फसू शकतो आणि नखांचा निळेपणाही झाकला जातो. हाताच्या शिरेत सुई बसते. तिच्या टोपणाचा रंग सुईची जाडी सांगतो: हिरवी १८ नंबरची, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. ‘पिंक लावा’ एवढं म्हटलं की काम होतं. पण खूप रक्त गेलेल्या रुग्णाला पिवळी लावून चालत नाही, हे रंग पाठ केल्याने समजत नाही. ते आकड्यामागचं कारण कळल्यावरच समजतं.

थिएटरात भूलतज्ज्ञ आणि त्यांचा टेक्निशियन आधीच हजर असतात. टेक्निशियनने भुलीचं यंत्र, ऑक्सिजनचा पुरवठा, सक्शन, लॅरिंगोस्कोपचा दिवा हे सारं सकाळीच तपासून ठेवलेलं असतं. दुधासारखं दिसणारं प्रोपोफॉल शिरेत जातं, बाई झोपतात, स्नायू सैल करणारं औषध मिळतं आणि श्वासनळीत नळी बसते. यापुढे बाईंचा श्वास यंत्राच्या आणि भूलतज्ज्ञांच्या हवाली. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये ज्याचं तत्त्व मांडलं तो पल्स ऑक्सिमीटर नाडीबरोबर टिकटिक करत राहतो. रक्तातला ऑक्सिजन घसरला की त्याचा सूर खाली उतरतो. मुरलेले भूलतज्ज्ञ दुसऱ्या कामात असले तरी त्यांचा कान त्या सुराकडे असतो.

स्क्रब सिस्टर हात धुऊन, कोपरं खाली आणि बोटं वर ठेवून आत येते. गाऊन, मोजे, मग ट्रॉली लावणं. ट्रॉलीवरची हत्यारं आदल्या दिवशी धुऊन, गुंडाळून, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत शिजून आलेली असतात. गठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीचे पट्टे काळे झाले आहेत की नाही ते पाहूनच तो उघडायचा. काळी पट्टी गठ्ठा उष्णतेतून गेल्याचं सांगते. आत वाफ पोचली का, याची खात्री आतली निर्देशक पट्टी देते. हे काम इस्पितळाच्या तळघरात, घामाच्या धारांत चालतं. तिथल्या माणसाने एक फेरी अर्धवट सोडली तर वर कितीही निष्णात सर्जन असला तरी जखम पिकते.

पोटावर चार बारीक छिद्रं, आत कार्बन डायऑक्साइड, दुर्बीण, पडद्यावर चित्र. सर्जन पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी नीट ओळखून दोघींना क्लिप लावतात आणि पित्ताशय सुटं करून बाहेर काढतात. खडे किडनी ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवले जातात आणि पित्ताशय नाव-नंबराच्या चिठ्ठीसह फॉर्मलिनच्या बाटलीत तपासणीला जातं. चिठ्ठी लावणारा सहसा सगळ्यांत कनिष्ठ असतो. त्या बाटलीत कर्करोग निघाला आणि नाव दुसऱ्याचं असलं तर काय होईल, याचा विचार त्याने चिठ्ठी लिहितानाच करायचा असतो.

पोट उघडलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेत ‘काउंट’ हा शब्द थिएटरात सगळ्यांत गंभीर असतो. गॉज, मॉप, सुया, हत्यारं सुरुवातीला मोजतात, पोट मिटण्याआधी मोजतात आणि कातडी शिवण्याआधी पुन्हा मोजतात. स्क्रब सिस्टर आणि बाहेरची सिस्टर दोघी मिळून, मोठ्याने. एक मॉप कमी भरला तर शोध सुरू होतो: जमिनीवर, बादलीत, कपड्यांच्या घड्यांत, शेवटी एक्स-रेवर. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो याचसाठी. ‘काउंट बरोबर नाही’ असं सिस्टरने म्हटल्यावर हात थांबवणारा सर्जनच चांगला सर्जन.

मग रिकव्हरी. १९७० मध्ये अल्ड्रेट यांनी सुचवलेल्या आणि पुढे सुधारलेल्या गुणपत्रिकेत हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि ऑक्सिजन यांना प्रत्येकी दोन असे दहा गुण असतात. साधारण नऊ झाले की रुग्ण वॉर्डात जाऊ शकतो. वॉर्डात बाई म्हणतात, ‘पोटापेक्षा खांदाच दुखतोय.’ नातेवाईक घाबरतात, हृदयाचं काही आहे का विचारतात. पोटात भरलेल्या वायूने छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला चुणचुण होते आणि तिथली नस खांद्याशी नातं सांगते, हे सिस्टरला ठाऊक असेल तर ती आधी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन पाहते, डॉक्टरांना कळवते आणि मग समजावून सांगते. हा क्रम चुकवायचा नसतो, कारण कधीतरी खरंच हृदय असतं.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट दीर्घ श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं स्पायरोमीटर घेऊन येतात आणि बाईंना उठवून चालवतात. पडून राहिलं की फुप्फुसांचे खालचे भाग मिटतात आणि पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. अशी गुठळी फुप्फुसात गेली तर काही मिनिटांत सगळं संपू शकतं. ‘ऑपरेशन झालंय, तिला चालवता काय?’ असं नातेवाईक रागाने विचारतात. उत्तर देणाऱ्याला कारण माहीत हवं.

राउंडला डॉक्टर ‘गॅस सुटला का?’ विचारतात तेव्हा आतडी जागी झाल्याची खबर हवी असते. ताप आला तर तो कोणत्या दिवशी आला ते विचारतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी फुप्फुसांकडे बघा, तिसऱ्याच्या आसपास लघवीकडे, पाचव्याच्या आसपास जखमेकडे, ही जुनी शिकवण आहे. तापाचं कोडं प्रत्येक वेळी तिने सुटत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते ती सांगते.

शब्दांकडे वळू. त्यांतले बहुतेक ग्रीक आणि लॅटिन तुकड्यांचे बनलेले आहेत आणि तुकडे थोडेच आहेत. ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ओटमी’ म्हणजे कापून उघडणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे बाहेर तोंड करून देणं, ‘प्लास्टी’ म्हणजे घडवणं किंवा दुरुस्त करणं, ‘स्कोपी’ म्हणजे आत पाहणं, ‘आयटिस’ म्हणजे दाह. कोल म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, म्हणून पित्ताशय काढणं ‘कोलेसिस्टेक्टमी’. पोट उघडणं ‘लॅपरॉटमी’, मोठ्या आतड्याला पोटावर तोंड देणं ‘कोलोस्टमी’. असे तीसेक तुकडे हाती आले की न ऐकलेला शब्दही फोडता येतो, आणि एकदा फोडता आला की त्याची भीती उरत नाही.

सापळेही आहेत. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ एका अक्षराने वेगळे, अर्थाने टोकाचे. ‘आयलियम’ हे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचंही नाव आणि कमरेच्या हाडाचंही. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, उच्चारात तोही नाही. शिवायच्या धाग्याचा ‘टू’ जाड आणि ‘टू-झिरो’ बारीक; शून्यं वाढतील तसा धागा पातळ. आणि डावं-उजवं नेहमी रुग्णाचं, पाहणाऱ्याचं नाही.

सर्वांत नाजूक सापळा मात्र आपल्या मराठीत आहे. ‘पिशवी काढली’ असं बाई सांगतात तेव्हा बहुधा गर्भाशय अभिप्रेत असतं. पण पित्ताचीही पिशवीच, लघवीचीही पिशवीच. काय काढलं, अंडाशयं ठेवली की तीही गेली, हे पुष्कळ बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्यांतल्या पुष्कळ स्त्रिया तरुण होत्या. ज्या बाईला ‘पिशवी’ या एका शब्दापलीकडे काही सांगितलं गेलं नाही, तिने केलेला अंगठा ही संमती कशी मानायची? सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे की तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेची संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं तर गोष्ट वेगळी. संमतीपत्रावर सही घेताना बहुतेक वेळा सिस्टर जवळ असते. काय काढणार, काय ठेवणार, नंतर काय बदलणार हे सांगायचं काम डॉक्टरांचं. बाईंना ते कळलेलं नाही हे सिस्टरच्या लक्षात आलं तर डॉक्टरांना परत बोलावण्याचं काम सिस्टरचं.

हे बोलण्याचं धैर्य व्यवस्थेतून कसं आणायचं, यावर गेल्या वीस वर्षांत जगाने बराच विचार केला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची सुरक्षा-यादी आणली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी तीनदा थांबायचं. नाव, शस्त्रक्रिया, बाजू, ॲलर्जी, प्रतिजैविक, काउंट सगळं मोठ्याने म्हणायचं. खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. या कामाचं नेतृत्व करणारे अमेरिकन सर्जन अतुल गावंडे यांचं वडिलांकडचं मूळ यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलेल्या दिसल्या.

पुढचं पानही वाचायला हवं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांना ही यादी लागू केल्यावर फारसा फरक दिसला नाही, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. त्यातून एक शंका जवळची वाटते: यादी भरली जाणं आणि यादी बोलली जाणं यात अंतर आहे. खुणा करून फायलीत गेलेला कागद रुग्णाला वाचवत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने ‘सर, पेपरवर डावी बाजू लिहिली आहे’ म्हटलं आणि सगळे थांबले, तर यादीने काम केलं. आपल्याकडच्या थिएटरांत वरिष्ठांचा धाक मोठा असतो. तो कमी करणं वरिष्ठांच्या हातात आहे, आणि हे पुस्तक त्यांनीही वाचावं.

या कामाकडे जाणाऱ्या वाटांविषयी घरोघरी एक गैरसमज आहे. ‘नीट’ला एमबीबीएस लागलं नाही म्हणजे वैद्यकाचं दार बंद, असं आईवडील धरून चालतात. एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर्षाची इंटर्नशिप, मग सर्जरीच्या एमएसची किंवा भूलशास्त्राच्या एमडीची तीन वर्षं, ही एक लांब वाट आहे. तिच्याशेजारी बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं आहेत, जीएनएमची तीन, एएनएमची दोन. थिएटर आणि भूल तंत्रज्ञानाच्या पदव्या आणि पदविका आहेत, फिजिओथेरपी आहे. राज्यातले यांतले अनेक अभ्यासक्रम १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहेत. थिएटर आणि भूल तंत्रज्ञांसारख्या व्यवसायांना देशपातळीवर कायद्याची चौकट मिळाली ती २०२१ च्या कायद्याने, म्हणजे फार उशिरा. प्रवेश घेताना संस्थेला संबंधित परिषदेची मान्यता आहे की नाही, हे आधी तपासावं. मान्यता नसलेल्या वर्गांत मुलांची वर्षं आणि आईबापांचे पैसे जातात, आणि नंतर नोंदणी मिळत नाही.

दूरच्या भागात ही माणसं नसली की काय होतं, ते गडचिरोलीतल्या हेमलकशाने दाखवलं. १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण सोडून आले होते आणि मंदाकिनी आमटे भूलशास्त्र शिकून आल्या होत्या. अनेक वर्षं वीज नव्हती. एका घरातच भूल देणारी आणि कापणारा असे दोघे होते म्हणून तिथे शस्त्रक्रिया होऊ शकल्या. सर्जन आहे पण भूल द्यायला कुणी नाही, म्हणून सिझेरियनसाठी बाईला दूरच्या शहरात पाठवावं लागणं, हा महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांचा जुना अनुभव आहे.

पुस्तकाची रचना याच विचाराने केली आहे. शब्दसूची अकारविल्हे नाही. ती रुग्णाच्या प्रवासाच्या क्रमाने लावली आहे: दाखल होताना, रात्री, थिएटरच्या दारात, टेबलावर, रिकव्हरीत, वॉर्डात आणि घरी जाताना. प्रत्येक टप्प्यावर तिथे कोण उभं असतं, त्याचं शिक्षण काय, त्याने काय पाहायचं आणि काय दिसल्यास कुणाला कळवायचं ते सोबत दिलं आहे. शब्द मनात वाचू नयेत, मोठ्याने म्हणावेत, आणि शक्यतो दोघांनी मिळून: एकाने केस पेपर वाचायचा, दुसऱ्याने ऐकून परत म्हणून दाखवायचा. पाळी बदलताना रुग्ण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवतात तेव्हा वॉर्डात हेच करावं लागतं.